यानबियानचा संघ

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आई यांना,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी येथे सुखरूप आहे. प्रकृती चांगली आहे, थंडीपुरते कपडे आहेत, तेव्हा आईने त्या बाबतीत निश्चिंत असावे. चीनमधील चांगचुन शहरातल्या माझ्या कामाचे तुम्हाला सारे ठाऊक आहे, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. ताईकडून कळले की, सुट्टीच्या दिवशी मी रेल्वेने दोन-अडीच तासांचा प्रवास करून यानजीला दुसऱ्या श्रेणीतील एका फुटबॉल संघाचा सामना पाहायला जातो, हे अण्णांना पटलेले नाही. पाटाकडील तालमीच्या फुटबॉल सामन्यासाठी दुकान बंद ठेवून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जाणाऱ्या अण्णांना तरी हे समजेल, अशी माझी खात्री आहे. म्हणून या वेळी त्या संघाविषयीच सविस्तर लिहितो.

यानजी हे यानबियान या कोरियन स्वायत्त जिल्ह्याचे मुख्य शहर असून ते जिलिन प्रांतात, उत्तर कोरियाच्या सीमेजवळ आहे. येथील दुकानांच्या पाट्या कोरियन आणि चिनी अशा दोन्ही भाषांत असतात. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणाऱ्या कोरियन वंशाच्या लोकांनी फुटबॉल इतका जपला की, प्रामुख्याने त्यांच्याच मुलांचा बनलेला जिलिन प्रांताचा संघ 1965 मध्ये साऱ्या चीनचा विजेता ठरला. 1994 मध्ये चीनमध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्याच हंगामात हा संघ सर्वोच्च श्रेणीत होता. बीजिंग, शांघाय, ग्वांगझू या महानगरांच्या संघांपुढे एवढ्याशा सीमावर्ती गावाचा संघ उभा राहतो, हीच मला मोठी गोष्ट वाटते. 1997 मध्ये दक्षिण कोरियाचे प्रशिक्षक चोई उन-तेक यांच्या हाताखाली तो चौथा आला. येथील वयस्क माणसे त्यांचे नाव आजही फार आदराने घेतात, आणि त्याच काळात चीनच्या राष्ट्रीय संघातून खेळलेल्या गाओ झोंगशुनचा विषय निघाला की चहा गार होईपर्यंत बोलणे थांबत नाही.

आता येथली जी रीत मला अजूनही चमत्कारिक वाटते, ती नीट उलगडून सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. आपल्याकडे तालीम ही पेठेची असते. पैसा कोणीही दिला तरी पाटाकडील ती पाटाकडीलच, आणि दिलबहार ती दिलबहारच. येथे मात्र क्लब ही कंपनीची मालमत्ता असते, आणि ज्या कंपनीचा पैसा, तिचे नाव संघाला लागत असे. हाच संघ आधी सॅमसंगच्या, मग ह्युंदाईच्या, मग आओडोंग या औषध कंपनीच्या नावाने खेळला. कंपनीला वाटले तर ती अख्खा संघ, खेळाडूंसह आणि लीगमधील जागेसह, दुसऱ्या शहराला विकू शकत असे. 2000 मध्ये यानबियान खालच्या श्रेणीत घसरला आणि लगेच पुढच्या वर्षी त्याचा मुख्य संघ झेजियांग प्रांतातील एका कंपनीला विकण्यात आला. जरा विचार करा अण्णा, की पेठेतले सारे खेळाडू आणि लीगमधील जागा एका कागदावर सही होऊन दूर दक्षिणेकडे निघून जातात आणि तेथे दुसऱ्याच नावाने खेळू लागतात! मालकाचा धंदा बुडाला की क्लबही बुडतो. 2020 मध्ये देशाचा विजेता ठरलेला जिआंगसूचा संघ पुढच्याच फेब्रुवारीत बंद पडला. 2021 पासून संघाच्या नावात कंपनीचे नाव चालणार नाही असा नियम झाला आहे, पण पैशाची बाजू मात्र नियमाने सुधारत नाही.

विकल्या गेलेल्या संघामागे जी तरुण मुले उरली, त्यांना घेऊन यानबियानने तिसऱ्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात केली आणि 2004 मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत परतला. तेथे बरीच वर्षे काढल्यावर 2014 मध्ये तो शेवटच्या क्रमांकावर आला. पण दुसरे दोन क्लब आर्थिक कारणांनी बाद झाल्यामुळे त्याची जागा राहिली. पार्क ते-हा हे नवे प्रशिक्षक आले, आणि शेवटून पहिला असलेला तोच संघ 2015 मध्ये दुसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन पंधरा वर्षांनी सर्वोच्च श्रेणीत गेला. मी तेव्हा येथे नव्हतो, याची मला मनापासून हळहळ वाटते. सुपर लीग या सर्वोच्च श्रेणीत 2016 ला तो नववा आला, 2017 ला खाली घसरला, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये थकलेल्या करापायी क्लबच विसर्जित झाला. चांगले खेळाडू तोवर बाहेर गेलेच होते: जिन जिंगदाओ शानडोंगला, ची झोंगग्वो बीजिंगला.

मी पाहायला जातो तो संघ यानबियान लोंगडिंग. तो वेगळ्या क्लबातून उभा राहिला, तळापासून वर आला आणि 2023 पासून दुसऱ्या श्रेणीत खेळतो आहे. कागदोपत्री जुन्या संघाशी त्याचे नाते नसेल, पण लोकांनी तोच आपला मानला आहे, आणि माझ्या मते क्लब कोणाचा हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच आहे. प्रेक्षकांत म्हातारी माणसे फार दिसतात. या भागातील पुष्कळ तरुण कामासाठी दक्षिण कोरियात गेले आहेत, आणि नातवंडे आजी-आजोबांजवळ वाढतात. शेजारी बसणारे एक आजोबा मला दर वेळी विचारतात की, तुझे आई-वडील एकटेच असतात का. मी त्यांना सांगतो की ताई जवळच राहते, आणि ते मान हलवतात.

या नादात पैसा उडतो असे समजू नये. तिकीट स्वस्त आहे, आणि मी सामना संपला की रात्रीच्या गाडीने परततो. घरच्या कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला पोहोचेल. धाकटीच्या लग्नासाठी सांगितलेली रक्कम दोन भागांत पाठवतो, पहिला भाग या महिन्यातच. हॉलचे पैसे त्यातून भरून टाकावेत. मला रजा थोडीच मिळेल असे दिसते, पण हळदीच्या आदल्या दिवशी मी नक्की पोहोचेन. साखरपुड्याला येता आले नाही, त्याबद्दल तिने मनात काही ठेवू नये, एवढे आईने तिला समजावून सांगावे. माझ्यासाठी इचलकरंजीचे जे स्थळ आले आहे, त्यांना लग्न उरकेपर्यंत थांबायला सांगावे. मी नाही म्हटलेले नाही, हे मात्र त्यांना स्पष्ट कळवावे. अण्णांनी गुडघ्याचे दाखवणे पुढे ढकलू नये, त्याचा खर्च मी वेगळा पाठवतो.

तुमचा,
विनायक