चिऊ, पंप आज राहू दे

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो मिळाले. टोमॅटोची पाच रोपं मातीलगत आडवी, घेवड्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळ्या मावा किडीची दाटी, आणि खाली तुझी एकच ओळ: ‘बाबा, काहीतरी जालीम सांगा, उद्या सुट्टी आहे, फवारून टाकते.’ फोनवर सांगितलं असतं तर तू ‘हो हो’ म्हणाली असतीस आणि दुपारी फवारलं असतंस. म्हणून लिहायला बसलो.

आधी टोमॅटो. आडव्या पडलेल्या रोपाचं देठ नीट बघ. ते बुडाशी पाणचट, बारीक आणि काळपट झालं असेल तर तो कोलमड रोग. माती सतत ओली राहिली, रोपं दाटीने वाढली आणि वारा खेळला नाही की तो येतो. त्यावर इलाज एकच: पाणी कमी कर आणि रोपं विरळ कर. पण फोटोत देठ कात्रीने कापल्यासारखं दिसतंय, म्हणजे ही कुरतडणारी अळी. दिवसा ती मातीत लपते. पडलेल्या रोपाभोवतीची माती दोन-तीन सेंटीमीटर उकर, करड्या रंगाची जाडसर अळी वेटोळं करून पडलेली सापडेल. हाताने उचलून काढ. उरलेल्या प्रत्येक रोपाभोवती पुठ्ठ्याची नळी बसव, दोन-तीन सेंटीमीटर मातीत आणि तेवढीच वर. अळीला देठाभोवती विळखा घालता आला नाही की ते कापता येत नाही. एका अळीसाठी अख्ख्या वाफ्यावर विष मारायची गरज नाही.

आता खरं बोलतो. तुझं मुळात चुकलं ते पेरण्याच्या घाईत. दोन दिवस ऊन पडलं, हवा ऊबदार वाटली, की आपल्याला वाटतं थंडी सरली. हवा लवकर तापते, मातीला वेळ लागतो. बी हवेत रुजत नाही, मातीत रुजतं. भेंडी, काकडी, दुधी, भोपळा यांना वीस अंशांच्या आसपास तापलेली माती लागते. गार आणि ओल्या मातीत त्यांचं बी रुजण्याऐवजी कुजतं. वाटाणा, पालक, मुळा, कोथिंबीर यांना गारवा चालतो, उलट उशीर केलास तर ऊन वाढताच पालक-कोथिंबीर फुलावर येतात आणि पानं मिळत नाहीत. म्हणजे एकाच आठवड्यात एका बियाला उशीर झालेला असतो आणि दुसऱ्याला अजून वेळ असतो. या दिवसांतल्या पेरणीचं अवघडपण सगळं इथे आहे, आणि मला तरी तिची मजाही इथेच वाटते.

वाफसा बघायला शीक. मूठभर माती घट्ट दाब आणि कमरेच्या उंचीवरून सोड. गोळा तसाच राहिला तर माती अजून ओली आहे, तिच्यात पायही घालू नकोस, ती दाबून विटेसारखी होईल. गोळा फुटून भुसभुशीत झाला तर पेर. मुठीत गोळाच होत नसेल तर आदल्या संध्याकाळी पाणी दे आणि सकाळी पेर.

बी किती खोल? बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, त्याहून जास्त नाही. तू मागच्या वेळी राजगिरा बोटभर खोल पुरलास आणि ‘बी खराब होतं’ म्हणालीस. ते बी वर यायच्या आधीच शिदोरी संपून गेलं असणार, एवढ्याशा दाण्यात असतं तरी किती. बारीक बी नुसतं भुरभुरावं आणि वरून चाळलेल्या खताचा हलका थर द्यावा. धणे मात्र हाताने हलके रगडून दोन फाकी कर. आपण ज्याला एक धणा म्हणतो ते खरं तर फळ असतं, त्यात दोन बिया असतात. भेंडीचं बी रात्रभर भिजव. मिरचीला घाई करू नकोस, ती कधीकधी तीन आठवडेही घेते, आणि तेवढ्यात लोक ट्रे उपडा करून मोकळे होतात. जुन्या बियाची शंका आली तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेव आणि कितींना मोड येतात ते मोज. चारांनाच मोड आले तर बी टाकून देऊ नकोस, दुप्पट पेर.

आणि रोपं घरातून थेट उन्हात नेऊ नकोस. आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं बाहेर ठेव, आधी सावलीत तासभर, मग सकाळचं ऊन, मग वारा. खिडकीत वाढलेलं रोप नाजूक असतं.

आता माव्याकडे येतो. पत्र खरं तर त्याच्यासाठीच आहे.

माव्याची मादी वसंतात नराशिवाय पिलं देते, तीही जिवंत, अंडी नाहीत. त्या पिलांच्या पोटात पुढची पिढी आधीच घडत असते. हवा उबदार असली की आठवड्या-दीड आठवड्यात ती पिलंही प्रसवू लागतात. म्हणून सोमवारी दोन-चार दिसतात आणि रविवारी शेंडा काळा होतो. तुझी जी घाबरगुंडी उडाली ती मी समजू शकतो.

पण मावा खाणारे मावा आल्याशिवाय येत नाहीत. ते आधी येऊन बसतील तर खातील काय? लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढाल्या भुंगेरा मावा पाहूनच पानामागे अंडी घालतो, पिवळी, लांबट, एकाला एक लागून उभी. चार-पाच दिवसांत त्यातून अळ्या निघतात. त्या आईसारख्या अजिबात दिसत नाहीत. काळपट, खडबडीत, नारिंगी ठिपक्यांच्या, इवल्याशा मगरीसारख्या. बहुतेक लोक त्यांनाच कीड समजून चिरडतात. अशी एक अळी मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा फस्त करते. तिच्याबरोबर फुलांवर हवेत एका जागी थांबून उडणाऱ्या सिर्फिड माश्यांच्या अळ्या असतात, पारदर्शक हिरव्या पंखांच्या क्रायसोपा नावाच्या किड्याच्या अळ्या असतात. मावा आला आणि हे आले यांच्यामध्ये काही दिवसांची फट असते, आणि त्याच फटीत आपला धीर सुटतो. फवारा मारला की मावाही मरतो आणि नुकत्याच आलेल्या या अळ्याही. उरलेला चिमूटभर मावा आठवड्यात पुन्हा शेंडा भरतो. खाणाऱ्यांना मात्र परत यायला कितीतरी वेळ लागतो. पुढचा फवारा तुला मारावाच लागतो, मग त्याच्या पुढचा.

म्हणून पंधरा दिवस दे. तेवढ्यात शेंडे फारच वाकले तर पाण्याच्या नुसत्या जोरदार धारेने मावा झाड, खाली पडलेला बहुतेक परत चढत नाही. मुंग्या वरखाली करत असतील तर त्यांची वाट तोड. मावा गोड चिकट रस सोडतो, तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या ढाल्याला हुसकावून माव्याची राखण करतात. साबणाचं पाणी निरुपद्रवी असतं असं तुला कुणीतरी सांगेल. ते ज्याच्या अंगावर पडेल त्या मऊ किड्याला मारतं, मावा कोण आणि माव्याचा शत्रू कोण हे त्याला कळत नाही.

हे मला पहिल्यापासून माहीत नव्हतं, आणि ते मी कसं शिकलो हे तुला सांगायचं राहिलं आहे.

तू सहा वर्षांची होतीस. मागच्या खिडकीच्या वर भिंतीत एक भोक होतं, त्यात चिमणीचं घरटं. तू शाळेतून आलीस की दप्तर न काढता तिथे जाऊन उभी राहायचीस आणि आई-बाप किती वेळा आत गेले ते बोटांवर मोजायचीस. दाणे खाणारी चिमणी पिलांना पहिले दिवस जवळजवळ फक्त किडे भरवते, अळ्या, मावा, कोळी. दाण्यावर एवढ्याशा पिलाची हाडं-पिसं भरत नाहीत. त्याच आठवड्यात माझ्या घेवड्यावर मावा आला, आणि तू आज जे करणार होतीस ते मी केलं. डब्यावर लिहिलं होतं त्यापेक्षा थोडं जास्तच मिसळलं. दुसऱ्या दिवशीही चिमण्या त्याच वेलावरून काही ना काही उचलून आत नेत होत्या. मी पाहिलं, आणि ते मला खटकलंही नाही. तिसऱ्या दिवशी घरट्यातला आवाज थांबला. पिलं त्या अळ्यांनी गेली किंवा अळ्याच उरल्या नाहीत म्हणून उपाशी गेली. दोन्हीला कारण मीच. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, मांजराने नेली. तू वर बघून म्हणालीस, ‘पण बाबा, त्या भोकात मांजराचा पाय कसा जाईल?’ मी तुला आत जेवायला बोलावलं.

तू ते विसरली असशील. मी विसरलेलो नाही. त्यानंतर त्या वाफ्यावर मी औषध मारलं नाही, आणि असंही नाही की त्या वर्षीपासून सगळं छान झालं. पुढची दोन वर्षं घेवडा निम्माच आला. तिसऱ्या वर्षी पानामागे पहिल्यांदा ती पिवळी अंडी दिसली. तेव्हा तुला हाक मारून दाखवली होती, ते तुला आठवत असेल.

तुझ्या बागेतल्या बाकीच्या रहिवाशांबद्दलही लिहितो, कारण फोटोत मला काही खुणा दिसल्या.

गुलाबाच्या पानांना कडेने गोल गोल काप गेलेत, बांगडीने मापून काढल्यासारखे. ती कीड नाही. पानकापी मधमाशी ते तुकडे नेऊन पोकळ काडीत किंवा भोकात पिलांसाठी खोल्या बांधते. गुलाबाचं त्याने काही बिघडत नाही. मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं, पण जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि बहुतेक एकेकट्या राहतात, त्यातल्या पुष्कळ जमिनीत बिळं करून. म्हणून कुंपणालगतची ती उघडी, उन्हाची पट्टी तशीच ठेव. सगळीकडे पालापाचोळा अंथरलास तर त्यांना जमीन उरणार नाही.

काळा मोठा भुंगा गुणगुणत आला तर हाकलू नकोस. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलातले परागकण पुंकेसरांच्या टोकाशी असलेल्या बारीक वाटेने बाहेर पडतात, मिठाच्या डबीसारखे, हलवल्याशिवाय नाही. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तसे ते झडतात. पोळ्यातल्या मधमाशीला ही युक्ती येत नाही. भुंगे फिरकले नाहीत तर सकाळी फुलांच्या देठाला तूच बोटाने टिचकी मार.

गांडुळांसाठी फार खणू नकोस, वरून खत आणि पाचोळा दे, खाली न्यायचं काम ती करतील. चार्ल्स डार्विनने 1881 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, गांडुळांवर अख्खं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याने ती कुंड्यांत पाळली आणि त्यांच्याजवळ शिट्टी, बासून नावाचं फुंकवाद्य, पियानो सगळं वाजवून पाहिलं. ती ढिम्म हलली नाहीत. मग कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवला, तशी झटकन बिळात गेली. त्यांना आवाज ऐकू येत नाही, कंप कळतो. तू वाफ्यात पाय आपटत चाललीस की त्यांना तू आल्याचं समजतं. मला हे फार आवडतं.

पाण्याची एक उथळ ताटली ठेव, त्यात चार खडे, म्हणजे मधमाश्या बुडणार नाहीत. पाणी दोन दिवसांनी ओतून नवं भर, डासाला अंड्यातून उडण्यापर्यंत साधारण आठवडा लागतो, तेवढा अवधी त्याला द्यायचा नाही. बियांवर जाळी टाकलीस तर ती ताठ ओढून बांध. सैल जाळीत पक्षी आणि सरडे अडकून मरतात. आणि कुंपण छाटायच्या आधी आत डोकावून घरटं नाही ना ते बघ. पिसं फुटलेलं पिलू खाली दिसलं तर त्याला उचलून घरात आणू नकोस, आई-बाप जवळच असतात आणि त्याला तिथेच भरवतात. उघडंवाघडं असेल तर घरट्यात परत ठेव. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिलू टाकत नाहीत.

सोबत पुड्या पाठवतो आहे. धणे, मुळा आणि पालक लगेच पेर. टोमॅटो पुन्हा ट्रेमध्ये घाल, या वेळी पाचाऐवजी बारा, त्यातले काही जाणार हे धरूनच. भेंडी आणि दुधीच्या पुड्यांना दोरा बांधलाय. रात्री पांघरूण लागत असेतो तो सोडू नकोस. सगळ्यात लहान पुडीत त्याच घेवड्याचं बी आहे.

पंधराव्या दिवशी घेवड्याची पानं उलटून बघ आणि जे दिसेल त्याचा फोटो पाठव. सकाळच्या उजेडात काढ, रात्री काढलेल्यात मला पानामागचं नीट दिसत नाही.

तुझा,
बाबा