काका, पुठ्ठ्याच्या त्या पायासाठी

आदरणीय काका,

समोर बसून आभार मानले की तुम्ही 'चहा घे आधी' म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

एप्रिलमध्ये मी एका गेमसाठी रोबो काढत होते. मुंबई तुंबली की गटारांच्या तोंडाशी अडकलेला कचरा उपसणारा, तासन्‌तास पाण्यात उभा राहणारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी दुसरीत होते. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले, कमरेएवढ्या पाण्यातून चालत. हा रोबो माझ्या मनात तेव्हापासूनचा आहे. चाळीसेक छोट्या आकृत्या नुसत्या काळ्या रंगात भरून पाहिल्या, कारण पात्र सावलीवरूनही ओळखू यायला हवं. त्यातून फ्लेमिंगोसारख्या लांब पायांचा एक निवडला, पुढून-बाजूने-मागून रेखाटला. आर्ट डायरेक्टरकडून तो तीनदा परत आला. "दिसतो छान, पण पाऊल कसं उचलणार?"

त्या संध्याकाळी मी चाळीच्या गॅलरीत वही मांडीवर घेऊन बसले होते, रडवेली. तुम्ही कपाळावरचा चष्मा खाली घेतलात आणि बोट ठेवलंत ते थेट गुडघ्यावर. "पोरी, पाय दुमडला की हा मागचा पत्रा जाणार कुठे?"

रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून उभं आयुष्य काढलेल्या माणसाचा प्रश्न होता तो. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तुम्ही बुटाचं खोकं फाडलंत. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून टाचण्यांनी जोडल्यात, पिस्टन म्हणून बॉलपेनची नळी घेतलीत आणि त्यात सरकणारी रिफिल. मी काढलं होतं तसं नळीचं एक टोक मांडीला घट्ट चिकटवून म्हणालात, "वाकव आता." रिफिल वाकली. मग दोन्ही टोकं टाचणीवर फिरती ठेवलीत आणि पाय अलगद दुमडला. तो क्षण मी विसरणार नाही. तोवर पिस्टन म्हणजे माझ्यासाठी चित्र भरायची एक चकचकीत नळी होती.

रविवारी ओहोटीची वेळ बघून आपण शिवडी जेट्टीवर फ्लेमिंगो बघायला गेलो. फ्लेमिंगोचा उलटा वाकणारा गुडघा वाटतो तो खरं तर घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत लपलेला, हे मी तुम्हाला सांगितलं. क्षणभर थांबून म्हणालात, "मग तुझ्या रोबोचाही गुडघा वर पोटाशी घे. पाण्यात एक सांधा कमी भिजेल." शरीररचनेची माझी माहिती तुम्ही एका वाक्यात कामाला लावलीत.

आणि परतताना तुम्ही विचारलंत, "याला ग्रीस कोण मारणार? पाना शिरायला जागा कुठाय?" या प्रश्नाने माझ्या यंत्राचं पात्र झालं. आता पाणी ओसरलं की तो फुटपाथच्या कडेला पाय दुमडून बसतो आणि घोट्यावरचं झाकण स्वतः उघडून धरतो, ग्रीसगन घेऊन येणाऱ्या माणसासाठी. झाकणाभोवतीचा पिवळा रंग पाना घसरून उडालाय, आतली कड लोकलच्या दारातल्या दांड्यासारखी हातांनी घासून चकाकते. ग्रीस भरायच्या निपलपाशी जुनं काळं ग्रीस साचलंय. मुख्य चित्रासाठी हीच बैठक घेतली, आणि या वेळी ते परत आलं नाही.

तुम्ही म्हणता, "मी काय केलं, पुठ्ठा तर कापला." नाही काका. आठ दिवस रोज संध्याकाळी तुम्ही माझ्या प्रत्येक सांध्याकडे खरं मशिन असल्यासारखं पाहिलंत. कागदावरच्या यंत्राला इतका मान मी कुणाला देताना पाहिलं नव्हतं.

मनापासून आभार. पुठ्ठ्याचा पाय माझ्या टेबलावर आहे, टाचण्या थोड्या गंजल्यात. रविवारी चित्राची मोठी प्रिंट घेऊन येते. खांद्याचा सांधा अजून पटत नाहीये, तेवढा बघून द्या.

तुमची,
शेजारच्या खोलीतली पोरगी