पोटावर लाईट घेणाऱ्यांचं ताट वेगळं असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कर्करोगाच्या रुग्णांच्या आहारावर पानभर मजकूर आला होता. मोडाची कडधान्यं, कच्च्या कोशिंबिरी, पालेभाज्या, सालासकट फळं, रात्री झोपताना पेलाभर दूध. आमच्या गावातली एक बाई सध्या सोलापूरला लाईट, म्हणजे कर्करोगावरचे किरण, घ्यायला जाते. तिच्या लेकीनं ते पान कापून फडताळाच्या दाराला चिकटवलंय आणि आईला त्याबरहुकूम खाऊ घालतेय. परवा ते बघितलं आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसले.

मी मोहोळ तालुक्यातली अंगणवाडी सेविका. गेल्या वर्षी मला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. ओटीपोटावर पंचवीस लाईट घेतल्या, सोमवार ते शुक्रवार असे पाच आठवडे. दर आठवड्याला एक केमो, आणि शेवटी आतून द्यायचे किरण. महात्मा फुले योजनेत बसल्यामुळे पैशाची ओढाताण फार झाली नाही. ओढाताण झाली ती पोटाची.

पहिले दोन आठवडे मी मोठ्या तोऱ्यात होते. सगळे म्हणायचे अंगात ताकद पाहिजे, म्हणून सकाळी गव्हांकुराचा रस, दुपारी मटकीची उसळ आणि ठेचा, रात्री हळद घातलेलं दूध. जाऊबाईंनी बिटाचा रस सुरू करून दिला होता. अकराव्या लाईटच्या दिवशी पोटात मुरडा आला आणि तिथून दिवसाला आठ-नऊ वेळा जावं लागायला लागलं. मला वाटलं काहीतरी बाधलं. लाईटचा आणि याचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. दुखणं गर्भाशयाला, त्यात आतड्यानं काय बिघडवलं होतं?

रुग्णालयातून कागद दिला होता, नाही असं नाही. इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी छापलेला. त्यात ओट्स होते, व्हाइट ब्रेड होता, भाजलेला मासा होता. भाकरीचं नाव नव्हतं, ताकाचं नव्हतं, शेंगाचटणीचं तर नव्हतंच. सोलापूर जिल्ह्यातल्या बाईनं ज्वारीच्या भाकरीचं काय करायचं हे ज्या कागदात नाही, तो तिनं वाचून तरी काय करायचं? मी तो फाइलीत घालून ठेवला.

त्यात येणंजाणं एसटीचं. बायकांना अर्धं तिकीट आहे हे खरं, पण गाडीत संडास नाही. मी दाराजवळची जागा धरायची. पिशवीत एक जादा लुगडं, प्लॅस्टिकचा कागद, आणि बाकावर अंथरायला आपलं वर्तमानपत्र. रागावू नका, आधी वाचून घेत असे. वाटेत त्रास नको म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, ही तर आपल्या बायकांची जन्माची सवय.

आणि नेमकी तीच नडली. लाईटच्या आधी लघवी करून यायचं, मग अर्धा लिटर पाणी पिऊन पाऊण तास थांबायचं, असं तिथले तंत्रज्ञ रोज सांगत. मला वाटे ही त्यांची काहीतरी तपासणीची रीत असेल. मी दोन घोट प्यायचे आणि प्याले म्हणून सांगायचे. एका दिवशी मशीनवर चित्र काढल्यावर त्या पोरानं मला खाली उतरवलं आणि विचारलं, “मावशी, खरं सांगा, किती पाणी प्यालात?” मग त्यानं समजावलं. लघवीची पिशवी भरली की ती वरच्या बारीक आतड्याला उचलून धरते, किरणांच्या वाटेतून बाजूला सारते. पिशवी रिकामी असली की आतडं खाली उतरतं आणि थेट किरणांत येतं. म्हणजे जुलाबाच्या भीतीनं मी पाणी तोडत होते, पाणी तोडल्यानं आतडं जास्त भाजत होतं, आणि आतडं भाजलं की जुलाब वाढत होते. हे पहिल्याच दिवशी असं उलगडून सांगितलं असतं तर मी मेले तरी खोटं बोलले नसते.

सोळाव्या लाईटला निघायच्या सकाळी न्हाणीत चक्कर येऊन पडले. सून शेजारी होती म्हणून डोकं वाचलं. रुग्णालयात नेल्यावर रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. सिस्प्लॅटिन नावाचं जे केमोचं औषध देतात त्याचा मूत्रपिंडावर भार पडतो, त्यात माझ्या अंगात पाणी नाही. त्या आठवड्याची केमो रद्द झाली, दोन लाईट चुकल्या, तीन दिवस सलाईन. डॉक्टर माझ्यावर नाही, वाया गेलेल्या दिवसांवर चिडले होते. बाहेरचे आणि आतले किरण मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपला पाहिजे, लांबला की गुण कमी येतो, असं त्यांनी सांगितलं. जुलाब म्हणजे नुसती गैरसोय नव्हे, त्यापायी मूळ उपचारच खोळंबतो, हे मला सलाईन लावून पडल्यावर कळलं.

लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. चोवीस वर्षं मी गावातल्या आयांना शिकवत आले. लेकराला जुलाब लागले की एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, नाहीतर ओआरएसचं पाकीट, आणि दर जुलाबानंतर पाजायचं. माझ्या कपाटात पाकिटांचा गठ्ठा होता. स्वतःसाठी एकही फोडलं नाही. ओआरएस लेकरांचं, असंच डोक्यात बसलेलं.

सलाईन लावलेलं असताना सुनेनं हट्टानं आहारतज्ज्ञ ताईंना गाठून आणलं. त्या आमच्याच तालुक्याच्या निघाल्या, त्यामुळे बोलणं भाकरीवरून सुरू झालं. आतड्याचं त्यांनी सांगितलं ते असं. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात, इतकं ते भराभर वाढणारं. किरणं अशाच भराभर वाढणाऱ्या पेशींना आधी झोडपतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडतं. मी मनात म्हटलं, म्हणजे जात्याची टाकी गेल्यासारखं. पाळूचे खाचे गुळगुळीत झाले की दाणा भरडतच नाही, जसाच्या तसा बाहेर पडतो. दुधातली साखर पचवणारा रस त्याच अस्तरातून येतो, तो आटला की पेलाभर दूधसुद्धा जुलाब लावतं. रात्रीचं हळदीचं दूध मी शक्तीसाठी पीत होते!

मग ताट बदललं. दूध बंद, पण घरचं ताजं ताक जिरं घालून चालू, कारण दह्यात दुधाची साखर कमी होते आणि मला ते सोसलं. गुरगुट्या भात, त्यावर मुगाचं साधं वरण. दुधी, पडवळ, लाल भोपळा, साल काढून मऊ शिजवलेले. केळं. उकडलेला बटाटा, उकडलेलं अंडं. भाताची पेज मीठ घालून. मोड, हरभरा, कोबी, ठेचा, तळण सगळं बाजूला. चहा सहा कपांवरून दोनवर, तोही कोरा, आणि हाच वनवास मला सगळ्यात जड गेला. दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी सहा वेळा वाटीवाटीनं. भाकरी कायमची सोडायला सांगितली नाही. पोट ठरल्यावर पातळ वरणात भिजवून चतकोर, मग अर्धी.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर माझ्या पत्रावरून कुणी चोथा, म्हणजे धान्य-भाज्यांतला न पचणारा भाग (फायबर), विषच समजेल. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात अशाच ओटीपोटाच्या किरणांच्या १६६ रुग्णांना तीन गटांत वाटून पाहिलं होतं. २०१७ साली ते छापून आलं. चोथा तोडायला सांगितलेल्यांना काही फायदा झाला नाही, उलट सल्ल्यानं मोजून चोथा वाढवलेल्यांचं पोट जास्त टिकलं. ताईंनीच हे सांगितलं आणि म्हणाल्या, म्हणूनच सरसकट बंदी मी कुणाला घालत नाही, पोट पाहून घालते. जुलाब जोरात असताना कच्चं, सालाचं आणि वातूळ थांबवायचं, आणि ओसरले की हळूहळू परत आणायचं. मला त्यांनी अंगणवाडीसारखंच रजिस्टर ठेवायला लावलं. वेळ, काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं, लघवी किती. चार दिवसांत लक्षात आलं की मला वांगं बाधतं आणि शेपू नाही. शेजारच्या खाटेवरल्या बाईचं बरोबर उलटं.

औषधाचंही तेच. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या पहिल्यापासून पिशवीत होत्या. “जुलाब कोंडले तर विष आत राहतं,” असं गल्लीतल्या एका आत्यांनी सांगितलं म्हणून मी त्या घेतल्या नव्हत्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं सुरू केल्या आणि दोन दिवसांत आठ-नऊवरून तीनवर आले. ताप असेल, रक्त पडत असेल, उलट्यांनी पाणीही ठरत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर गोळी घेऊन घरी बसायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं, हेही तेव्हाच कळलं. धुण्यासाठी कोमट पाणी, पुसायला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, तोही घासायचा नाही, टिपायचा. मलम डॉक्टरांना विचारून.

लाईट संपल्यावर पोट लगेच ठरेल असं वाटलं होतं. तसं नाही. महिनाभर गेला, आणि चहात दूध घालायला अडीच महिने.

संपादक महोदय, त्या लेखातलं काही खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. गळ्याचा, स्तनाचा, रक्ताचा, सगळ्या कर्करोगांना एकच ताट वाढलं, एवढंच. ओटीपोटावर किरणं घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या मुखाच्या बायका असतात, तसे प्रोस्टेटचे आणि गुदाशयाचे पुरुषही असतात, आणि यातले बरेच जण माझ्यासारखे एसटीनं येणारे आहेत. त्यांच्यासाठी अर्धं पान वेगळं छापा. रुग्णालयांनाही एवढंच म्हणणं आहे की तो कागद मराठीत, आमच्या चुलीवरच्या पदार्थांची नावं घालून, आणि पहिल्या लाईटच्या आधी हातात द्या. सोबत पाणी का प्यायचं ते एका ओळीत. किरण विभागाजवळ पाणी असलेला संडास हवा हे खरं तर सांगायला लागू नये, पण आम्ही पस्तीस-चाळीस जण एकाच संडासापुढं रांगेत उभे असायचो, त्यात निम्मे जण पिशवी भरायला अर्धा लिटर पाणी पिऊन आलेले.

फडताळावरचं कात्रण मी त्या लेकीला विचारून काढलं आणि त्या जागी माझ्या हातानं लिहिलेलं अर्धं पान लावलं. खाली एक ओळ घातली, की आपल्या डॉक्टरांना दाखवून मगच पाळणे. आपण छापणार असाल तर त्याची नक्कल पोस्टानं पाठवते. अक्षर लागण्यासारखं आहे, रजिस्टरं भरून भरून सुधारलंय.

नाव छापू नये ही विनंती. गावात अजून सगळ्यांना मी ‘पित्ताच्या खड्यासाठी’ सोलापूरला जात होते असंच माहीत आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
मोहोळ तालुका, जि. सोलापूर