११ जुलैच्या त्या अनोळखी हातांना

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. माहीमला फुटलेल्या डब्यात माझे बाबा होते. ज्यांचे आभार मानायचे त्यांची नावे आम्हाला आजही ठाऊक नाहीत.

रुळांलगतच्या वस्तीतून धावत आलेल्या मुलांनो, घरातल्या चादरींची झोळी करून तुम्ही बाबांना उचललंत आणि टॅक्सीत घातलंत. टॅक्सीवाल्या दादांनी पैसे घेतले नाहीत.

शीव रुग्णालयाच्या अपघात विभागात दारातच उभ्या असलेल्या डॉक्टरताई, तुम्ही आधी श्वास पाहिलात, मग रक्तस्राव. जो ओरडतोय त्याच्याकडे नव्हे, जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी वळलात. बाबा गप्प होते. स्फोटाच्या दाबाने कानाचे पडदे फाटल्यामुळे त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. हे ओळखून तुम्ही त्यांच्या तळहातावर बोटाने नाव विचारलंत. त्या एका खुणेमुळे बाबांचं नाव भिंतीवरच्या यादीत लागलं आणि फोन लागत नसताना, रात्री साडेअकराला, आईला ते सापडले.

स्ट्रेचर ओढणारे वॉर्डबॉय मामा, घरी न जाता दुसरी पाळी केलेल्या सिस्टर, पावसात रक्त द्यायला रांगेत उभे राहिलेले सगळे. (त्यातली एखादी बाटली बाबांना चढली असेल. कुणाची, ते कसं कळणार?)

बाबा आता डाव्या कानाने ऐकतात. नातीची बडबड पुरेपूर ऐकतात. तुम्हा सर्वांना आमच्या घराचा मनापासून नमस्कार.