योग दिन झाला, आता संध्याकाळचं पण बघा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पेपरात योग दिनाच्या वेळेस एक लेख आला होता की शेतकऱ्यांनी रोज सकाळी अर्धा तास योगासनं केली तर त्यांचं टेन्शन निघून जाईल. लेख वाचायला चांगला होता, आणि मी योगाच्या विरोधात तर बिलकुलच नाही, मी स्वतः बऱ्याच वर्षांपासून करते, आणि संध्याकाळी गावातल्या बायांचा गट घेऊन बसते. पण लिहिणाऱ्यांनी आमच्याइकडची सकाळ कधी पाहिलेली दिसत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, कापायचं असलं तर मधलं कुठलंही कापा, शेवटचं मागणं तेवढं राहू द्या.

२१ जून म्हणजे मृग सरून आर्द्रा लागायची वेळ. पाऊस आला असला तर सगळं गाव पेरणीवर, नसला आला तर सगळं गाव आभाळाकडं पाहत बसलेलं. बाईमाणूस चारला उठते, झाडझूड, सडा, पोरांचे डबे, ढोरांचं शेणपाणी, आणि सात वाजायच्या आत मजुरीच्या ऑटोत कोंबून बसून वावरात. आणि नेमकं सातलाच झेडपी शाळेच्या मैदानावर बॅनर लागते, सतरंज्या पडतात, माईकवर हॅलो हॅलो होते. येते कोण, तर शाळेचे लेकरं, मास्तर लोक, ग्रामसेवक, आणि ज्यांना सही करायलाच यावं लागते त्या बिचाऱ्या अंगणवाडी ताई. फोटो निघतात, स्टेटसवर जातात, आठला मैदान रिकामं. तारखेला मी दोष देत नाही, भारतानं प्रस्ताव मांडला, युनोनं डिसेंबर २०१४ मध्ये मंजूर केला, १७७ देश सोबत होते, आणि २०१५ पासून वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणून हा दिवस पाळतात, त्यांना काय माहीत वर्धा जिल्ह्यात तेव्हा सरकी लावणं चालू राहते. पण बाकीचे ३६४ दिवस तर आपल्याच हातात आहेत ना.

दुसरी गोष्ट, त्या लेखात आसनांचे बारा फोटो होते आणि मनाबद्दल दोन ओळी. टेन्शन मनाला आहे ना भाऊ, मग मनाबद्दल दोनच ओळी काहून? आमच्या गावात एक रिटायर गुरुजी होते, ते तरुणपणी नागपूरला रामनगरात जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळात शिकले होते, त्यांनी आम्हाला शिकवताना पहिलेच सांगितलं होतं की पतंजलींच्या योगसूत्रात १९५ सूत्रं आहेत (कोणी १९६ मोजतात) आणि त्यातली आसनावर फक्त तीन. तीनच! पहिलं म्हणते स्थिरसुखमासनम्, म्हणजे स्थिर आणि सुखानं बसता आलं की झालं आसन. दुसरं म्हणते की जोर लावणं ढिलं करा. तिसरं म्हणते की मग थंडी-उन्हासारखी द्वंद्वं माणसाला लागत नाहीत. याच्यात पाय डोक्यावर घ्या असं कुठंच नाही. ती बाकीची आसनं नंतरच्या हठयोगाच्या ग्रंथातून आली, तीही चांगलीच आहेत, पण जी बाई दिवसभर वाकून निंदण करते आणि दिवाळीनंतर कमरेला ओटी बांधून कापूस वेचते तिला अजून वाकायला काय सांगता. तिला मकरासनात पालथं पडू द्या, भुजंगासनात छाती जराशी उचलू द्या, शवासनात पाच मिनिटं कोणी आवाज न देता पडू द्या. त्या शवासनातच बाया पहिल्या दिवशी घोरतात, आणि मी उठवत नाही.

आता श्वासाचं. सूत्रात एक ठिकाणी लिहून आहे की मन विखुरलं की त्याच्यासोबत चार गोष्टी येतात : दुःख, उदासपणा, अंग थरथरणं आणि श्वासाचा ताल बिघडणं. हे मी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण हे सगळं मी मार्च महिन्यात बँकेच्या रांगेत पाहिलेलं आहे. फॉर्मवर सही करताना हात कापतात, माणूस वरवरच छातीत श्वास घेत राहते, विचारलं तर म्हणते काही नाही, ऊन लागलं. आणि दोन-तीन सूत्रं पुढं त्याच्यावरचा एक उपायही दिला आहे, श्वास नीट बाहेर सोडणं आणि थोडं थांबणं. घेण्यापेक्षा सोडण्यावर भर आहे हे लक्षात घ्या. हठयोगाचा ग्रंथ हठप्रदीपिका, त्याच्यात पण तेच आहे, वारा हलला की चित्त हलते, वारा थांबला की चित्त थांबते. डॉक्टर लोक याला आपल्या भाषेत सांगतात की साधारण माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेते, तो सावकाश करून सहाच्या आसपास आणला आणि सोडणं लांबवलं की व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं काम वाढते, हृदयाचे ठोके मंदावतात, शरीराला कळते की आता पळायचं नाही. आम्ही हिशोब सोपा ठेवला आहे, मनात चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, झाले दहा सेकंद, मिनिटाला बरोबर सहा. अडाणी म्हातारीलाही जमते. मात्र बीपी, हृदयाचा त्रास किंवा पोटात बाळ असलं तर श्वास रोखून धरायचा नाही आणि कपालभातीचे झटकेही द्यायचे नाहीत, हे दरवेळी सांगावं लागते कारण मोबाईलवर पाहून लोक काहीही करून राहिले. मांडी घालून बसता येत नसलं तर खुर्ची आहे, भिंत आहे, खाटेची कडा आहे.

आणि हे रोज लागते. सूत्राचे शब्दच आहेत, दीर्घ काळ, खंड न पडता, आदरानं केलं तर पाया पक्का होतो. एका पाण्यात कपाशी निघत नाही, तसं एका योग दिनात मन निघत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात कामाचं सूत्र वेगळंच आहे आणि त्याच्यावर कोणीच बोलत नाही. योगसूत्राच्या पहिल्या पादातलं, म्हणजे पहिल्या भागातलं, ३३ वं. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं काम करणाऱ्याचा आनंद, आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा, याच्यानं चित्त स्वच्छ राहते. वाचायला सोपं आहे, पण गावात राहून करून पाहा. दुःखी माणसाबद्दल करुणा आपल्याइकडे सगळ्यांनाच जमते, मयतीला अख्खं गाव येते, तेरवीपर्यंत भाकरी पोचवते. अडचण आहे सुखी माणसाशी मैत्रीची! शेजारच्या धुऱ्यावरच्याला एकरी दोन क्विंटल कापूस जास्त झाला की आपल्याला रात्रभर झोप नाही. त्याची बोअर लागली, त्याचा पोरगा पुण्याला लागला, त्याच्या घरावर स्लॅब पडला, आणि आपला श्वास तिकडंच अडकला. खरं सांगते, आमच्या गटातल्या बायांशी बोलताना कळलं की निम्मं टेन्शन कर्जाचं आहे तर बाकीचं या तुलनेचं आहे, आणि तुलनेतूनच पुन्हा कर्ज होते कारण लग्न त्याच्यापेक्षा मोठं करायचं राहते. म्हणून आम्ही शेवटी डोळे मिटून बसतो तेव्हा एक काम करतो, गावातल्या ज्याचं यंदा चांगलं झालं त्याचं नाव मनात घ्यायचं आणि बरं झालं म्हणायचं. पहिले सगळ्या हसायच्या. एक काकू म्हणाली, मी माझ्या जावेचं नाव घेणार नाही म्हणजे नाही, दुसरं कोणाचंही सांग. अजूनही घेत नाही ती, पण येते रोज.

आता उपेक्षेचं सांगते, कारण इथंच लोक योगाच्या नावावर आपल्याला फसवतात. उपेक्षा म्हणजे वाईट माणसावर आपलं मन जाळत बसायचं नाही. तक्रार करायची नाही असं त्याच्यात कुठंही नाही. आमच्याकडे शहरातून कोणी पाहुणा आला की माईकवर सांगते, शेतकरी बंधूंनो संतोष ठेवा, संतोषासारखं सुख नाही. अहो, सूत्रात आहे ते, मान्य आहे. पण योगाला आठ अंगं आहेत, त्यात आसन तिसरं, संतोष ज्याच्यात येते तो नियम दुसरा, आणि त्याच्याही पहिले यम आहेत : अहिंसा, सत्य, अस्तेय म्हणजे चोरी न करणं, ब्रह्मचर्य, अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवणं. पहिली पायरी दुसऱ्यांशी वागायची आहे, आणि ती सगळ्यांसाठी आहे, पतंजलींनी तर तिला जात, देश, काळ, प्रसंग यांची कोणतीच सूट न देणारं महाव्रत म्हटलं आहे. मग अस्तेय फक्त आम्हीच पाळायचं का? काट्यात मारणाऱ्यानं, बोगस बियाणं विकणाऱ्यानं, ओलाव्याच्या नावावर क्विंटलमागं कापणाऱ्यानं नाही पाळायचं? २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं, तेव्हा कोणी व्यापाऱ्यांसाठी सत्य आणि अस्तेयाचं शिबिर घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही. घ्या ना, पहिली सतरंजी मी आणून टाकते.

मी हे रागानं लिहून राहिले असं वाटलं तर तसं नाही. रोज शांत बसायला लागल्यापासून मला उलट भांडता चांगलं येते. पहिले विम्याच्या ऑफिसात गेलं की रडू यायचं नाहीतर आवाज चढायचा आणि दोन्हीत काम राहून जायचं. आता बाहेर पायरीवर दोन मिनिटं श्वास मोजते, मग कागद समोर ठेवते आणि पावतीचा नंबर लिहून घेतल्याशिवाय हलत नाही. गीतेत समत्वालाच योग म्हटलं आहे आणि ते वाक्य कोणाला सांगितलं तर लढायला उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं, हेही विसरू नका.

एक मात्र स्पष्ट लिहिते. ज्याची झोप पूर्ण उडाली, जेवण सुटलं, जो एकटं एकटं बसून राहते, निरवानिरवीच्या गोष्टी करते, त्याला योग कर म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याजवळ बसा, आशाताईला सांगा, दवाखान्यात न्या, मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली मानस म्हणून १४४१६ हा फुकट नंबर आहे, त्याच्यावर मराठीतही बोलता येते. गोळ्या चालू असल्या तर त्या योगासाठी बंद करायच्या नाहीत. आणि ज्याची झोप रोही (नीलगायी) आणि डुकरांपासून पीक राखायच्या जागलीपायी जाते त्याला प्राणायाम सांगण्याआधी कुंपण द्या.

आता मागणं. आपल्या भागात योगासाठी नवीन काही उभारायची गरजच नाही. वर्धा नदीच्या पलीकडं मोझरीला तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज आहे, त्यांनी गावोगाव सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना लावून दिली, अजूनही कितीतरी गावांत लोक दिवेलागणीनंतर रांगेत, पाठ ताठ ठेवून बसतात. इकडं सेवाग्रामला गांधीजी १९३६ पासून राहिले, त्यांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत गीतेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक असायचे, म्हणजे ज्याचं मन दुःखात हलत नाही तो माणूस बोलते कसा, बसते कसा, चालते कसा. म्हणजे मन शांत करायचं शिक्षण या भागाला संध्याकाळच्या वेळेसही भेटलेलं आहे, सात वाजताची सकाळ ही ऑफिसातून आलेली गोष्ट आहे.

तर ग्रामपंचायतींनी आणि तालुक्याच्या साहेबांनी एवढं करावं : समाजमंदिरात संध्याकाळी सात ते आठ लाइट चालू ठेवावी, लोडशेडिंगसाठी एक बॅटरीचा दिवा द्यावा, दोन मोठ्या सतरंज्या द्याव्या, आणि बाया बसल्या असताना ओट्यावर पत्ते कुटणाऱ्यांना तेवढा एक तास दुसरीकडं पाठवावं. मॅट नको, टीशर्ट नको, बॅनर तर नकोच. शिकवणारे गावातच भेटतात, बाहेरून आणायचे असले तर चार दिवस राहणारे आणा, फोटोपुरते नको. आणि तुम्ही साहेब, जूनची पुरवणी काढता तशी एखादी नोव्हेंबरात काढा, वेचणीच्या दिवसात, त्याच्यात आसनांच्या फोटोऐवजी यम-नियम सोप्या मराठीत छापा, रोज एक, आतल्या पानावर चालेल. बातमीदार पाठवायचा असला तर संध्याकाळी पाठवा, आणि त्याला सांगा पोटभर जेवून येऊ नको, आम्ही त्यालाही बसवतो.

आपली वाचक,
एक शेतकरी बाई
ता. आर्वी, जि. वर्धा