ग्रहण गावातल्या दीदींना

दीदी, तुम्ही दमला नव्हतात हे मला कळलंय. आधी तेवढं सांगते, बाकीचं नंतर.

तुम्हाला मराठी येत नाही, पण तुमचा मुलगा फोनवर सगळं ट्रान्सलेट करून वाचतो म्हणालात ना, म्हणून लिहितेय. नाव मुद्दाम टाकत नाही, उगाच लोक शोधत यायचे.

हिमाचलातल्या कसोलपासून तुमच्या ग्रहणपर्यंत एका दिवसात जाऊन यायचं असं ठरलं होतं. सार पासच्या ट्रेकचा पहिला मुक्काम इथेच असतो, त्यामुळे पुण्यात अर्ध्या ट्रेकर मंडळींना हे नाव माहिती असतं, आणि मी तर दर रविवारी सिंहगड चढणारी, त्यामुळे आठ-नऊ किलोमीटरचं काय एवढं, असा माज होता थोडा. गाव साधारण २३५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही (१६४६) सातशे मीटर वर, हे गणित मी घरी केलंच नव्हतं. नाल्याच्या कडेने देवदारातून मस्त चालत होतो, पण शेवटची खडी चढण लागली आणि माझा उजवा गुडघा बोलायला लागला.

आणि आमचा गाइड? पैसे आधीच मोजून घेतलेले. "आंटी, सीधा रास्ता है, आराम से आओ" म्हणाला आणि पोरांना घेऊन पुढे गेला तो गेलाच. ग्रुपमधल्या ज्या मुलांना मी बसमध्ये थालीपीठं खाऊ घातली होती त्यांनीही मागे वळून बघितलं नाही, असो, पण लक्षात आहे माझ्या. फोनला रेंज नाही, वाट दोन ठिकाणी फुटलेली, वर ढग भरून आलेले. मी एका दगडावर बसून चक्क रडत होते. चोपन्नाव्या वर्षी!

तेवढ्यात तुम्ही खालून आलात, पाठीवर किल्टा, तुमची ती उंच विणलेली टोपली, त्यात पिठाची पिशवी आणि तेलाचा डबा. काही विचारलं नाहीत, बाजूला टेकलात आणि म्हणालात, "मैं भी थक गई." मग उठलो. पुढच्या वळणावर परत तुम्ही किल्टा दगडावर टेकवलात, "रुको दीदी, साँस लेने दो." परत पुढे तेच. मला एकदाही थांबा म्हणावं लागलं नाही, दर वेळी आधी तुम्हीच दमायचात. आणि पहाडातले सगळे जे "बस पाँच मिनट" म्हणतात ना, ते तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत. "अभी दूर है, धीरे चलेंगे." खरं सांगू, त्या खऱ्या उत्तरानेच धीर आला.

घरी पोचल्यावर ओले मोजे काढून तंदूरजवळ वाळत घातलेत, पायात भांगेच्या दोरीचे ते पूले दिलेत, तुपात बुडवलेला सिड्डू, ती वाफवलेली जाड रोटी, खाऊ घातलात. पैसे घेतलेत ते बरं केलंत, नाहीतर मलाच अवघड झालं असतं.

आणि मग लाकडी गॅलरीत चहा पीत बसले होते तेव्हा तुम्ही तोच किल्टा काठोकाठ शेणखताने भरून वरच्या शेताकडे निघालात. सरळ उभा चढ. मी बघत होते. एकदाही थांबला नाहीत, उलट वरून कुणाशी तरी ओरडून गप्पा मारत होतात, धाप नाही की काही नाही.

मला हसूही आलं आणि घशात काहीतरी अडकलंही. मदत करणारे भेटतात हो, आमच्याकडेही भेटतात, पण बहुतेक जण मदत करताना "काकू, तुम्हाला झेपत नाही तर कशाला आलात" हेसुद्धा ऐकवून जातात, निदान तोंडावर तसं दिसतं तरी. तुम्ही माझी लाज राखण्यासाठी स्वतः दमलेल्या झालात. हे शिकवून येत नसावं, कुठल्या कॅम्पवाल्याच्या ट्रेनिंगमध्ये तर नक्कीच नाही.

गुडघा बरा आहे, सूज उतरली. उतरताना दिलेली काठी कसोलला पुलाजवळच्या चहावाल्याकडे ठेवलीय, ग्रहणच्या दीदींची म्हणून सांगून. रेशन आणायला खाली याल तेव्हा आठवणीने घ्या.