कार्डाचं नाव सांगता, वॉट कोण सांगणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गुढीपाडवा आणि दसऱ्याला तुमच्या पेपरात लॅपटॉपच्या पानभर जाहिराती येतात, त्याबद्दल लिहायचंय. जाहिराती येऊ द्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण माझ्यासारख्या माणसाला जे कळायला पाहिजे नेमकं तेच त्यात नसतं, आणि मी त्यात चांगलाच पोळलोय.

मी सिडकोत राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. इतकी वर्षं सगळं डेस्कटॉपवर केलं. पण आता पार्टीला हळदीचा हायलाइट दुसऱ्या दिवशी लग्नातच लॉन्सवरच्या एलईडी वॉलवर पाहिजे असतो, म्हणजे लग्न निफाडला असलं की रात्री कॅमेऱ्याची मेमरी कार्डं घेऊन सिडकोत यायचं, पहाटेपर्यंत एडिट करायचं आणि अक्षतांच्या आत पेनड्राइव्ह घेऊन परत निफाड गाठायचं. त्यात एकदा पहाटे चारला रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवणं, ८० टक्क्यांवर असताना लाइट गेली आणि यूपीएसने पाच मिनिटंसुद्धा धरलं नाही. त्या दिवशी ठरवलं, बास, आता लॅपटॉप घ्यायचा, तिथेच कार्यालयाच्या एखाद्या खोलीत बसून काम उरकायचं.

एका मोठ्या दुकानात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, सर आरटीएक्स ४०६० आहे, एडिटिंगला एकदम मख्खन. आरटीएक्स ४०६० म्हणजे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, व्हिडिओचं जड काम तेच ओढतं. बॉक्सवरही तेच, जाहिरातीतही तेच. घेतला. महिनाभराने मित्राच्या ४०६० वर माझाच प्रोजेक्ट चालवून बघितला, संगीतच्या अंधारातल्या शॉट्सना नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) लावलेलं होतं, तर त्याच्याकडे पन्नास मिनिटांत झालं आणि माझ्याकडे सव्वा तासाच्या आसपास. नाव एकच, रॅम एकच, मग फरक कुठे? तर वॉटमध्ये. लॅपटॉपमधलं ४०६० कंपन्या ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीवरही चालवू शकतात, बारीक सुंदर बॉडी पाहिजे असेल तर कमीवर, कारण गरम हवा बाहेर जायला जागाच नसते. माझं निघालं ६५ चं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच!

वरच्या कार्डात तर नावच फसवं आहे. डेस्कटॉपचं ४०७० म्हणजे १२ जीबी मेमरी आणि २०० वॉट, लॅपटॉपचं ४०७० म्हणजे ८ जीबी, आतली चिपसुद्धा वेगळी आणि लहान. डेस्कटॉप वापरणारा माणूस नाव वाचून समजतो की आपल्याला तेच मिळतंय. आधी कमी वॉटच्या कार्डाला निदान 'मॅक्स-क्यू' अशी शेपटी तरी असायची, २०२१ च्या सुमाराला नावातली तीही गेली.

दुसरी गोष्ट वॉटची नाहीच, कार्डाच्या किंवा प्रोसेसरच्या आत काय आहे त्याची, आणि ही तर मला दुकानात कुणी विचारलीच नाही. आमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये शूट करतो, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेलं, पण घट्ट दाबून लहान केलेलं फुटेज. ते फुटेज सरळ टाइमलाइनवर चालायचं तर ते उलगडणारं हार्डवेअर आत लागतं. आरटीएक्सच्या ४० सिरीजमध्ये ते नाही, २०२५ ला आलेल्या ५० सिरीजमध्ये आलं. इंटेलच्या अलीकडच्या ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरमध्ये आहे, अ‍ॅपलच्या एम सिरीजच्या चिपमध्ये आहे, माझ्या प्रोसेसरमध्ये नाही. म्हणजे एवढे पैसे घालून सप्तपदी पुन्हा आपली अडखळत अडखळतच चालते आणि मी डेस्कटॉपवर करायचो तशाच प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, बनवत बसतो. दुकानदाराने फक्त एवढंच विचारायला पाहिजे होतं की कॅमेरा कोणता आहे.

स्क्रीनचं तर विचारूच नका. स्क्रीन किती रंग दाखवते ते एनटीएससी किंवा एसआरजीबी या मापांच्या टक्क्यांत सांगतात. माझी निघाली ४५ टक्के एनटीएससीवाली, त्यावर लाल आणि केशरी पूर्ण दिसतच नाहीत. नवरीचा शालू फिका दिसतोय म्हणून मी सॅच्युरेशन वाढवलं आणि पार्टीच्या टीव्हीवर शालू पेटल्यासारखा दिसला, नवरदेवाचं तोंड टोमॅटो. वरमाई म्हणाल्या, अहो हा काय रंगपंचमीचा व्हिडिओ आहे का! आता घरी डेस्कटॉपचा जुना मॉनिटर लावूनच कलर करतो, कार्यालयात आपला देवावर भरवसा. घ्यायचाच असेल तर १०० टक्के एसआरजीबी विचारून घ्या.

आणि बॅटरीवर एडिटिंग हे डोक्यातून काढूनच टाका. परवानगीशिवाय विमानात १०० वॉट-अवरपर्यंतचीच बॅटरी चालते म्हणून लॅपटॉपला त्याहून मोठी सहसा देतच नाहीत, आणि ११५ वॉटचं एकटं कार्डच ती तासाभरात पिऊन टाकेल, म्हणून चार्जर काढला की मशीन स्वतःच वेग कमी करतं. लाइट गेली तर काम बंद पडत नाही, सेव्ह करायला निवांत वेळ मिळतो, हे मात्र खरं, आणि त्यासाठी मी लॅपटॉपला दुवाच देतो. डेस्कटॉपच चांगला होता असं माझं म्हणणं नाही.

२०२७ चा सिंहस्थ आलाय, रामकुंडावर नि त्र्यंबकला शूट करायला आपल्याकडची शेकडो पोरं उतरणार, त्यातली बरीच कर्ज काढून हेच मशीन घेणार. म्हणून विनंती आहे की तुमच्या जाहिरात विभागाने लॅपटॉपवाल्यांना सांगावं, कार्डाच्या नावापुढे वॉट छापा आणि स्क्रीनचा आकडा छापा. कार्डाचा वॉट कंपनीच्या वेबसाइटवर बारीक अक्षरात बहुतेक असतोच, पेपरात एक ओळ वाढली तर काय बिघडतं. तोपर्यंत घेणाऱ्यांनी दुकानातल्या डेमो पीसवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडून सिस्टीम इन्फॉर्मेशनमध्ये 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' बघावी, अर्धं मिनिट लागतं. मी बघितली नाही.

आपला,
एक व्हिडिओ एडिटर, सिडको, नाशिक

ता.क. डेस्कटॉप विकलेला नाही. त्याच्या चार हार्ड डिस्कमध्ये अर्ध्या सिडकोची लग्नं आहेत, अजूनही कुणी ना कुणी येतं आणि म्हणतं, दादा आमचा पेनड्राइव्ह हरवला.